खोगीर आणि मांड : दुचाकीवरच्या लांबच्या प्रवासात बसावं कसं?



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसानं मोटरसायकलच्या सीटवर व्याख्यान द्यायचं, म्हणजे काहींच्या कपाळाला आठी पडली असणार. पण हा विषय आम्हीच मागून घेतला. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे आपण पनवेलमध्ये बसलो आहोत. आणि दुसरं, 'आसन' या शब्दावर आपल्याकडे दोन हजार वर्षं बोललं गेलं, पण ते बोलणं कुणी पळस्पे फाट्यापर्यंत आणत नाही. आज तेवढं करू.

पनवेल हे मुळात प्रवासात आसन बदलायचं गाव. बोर घाटातून चाकाची वाहनं जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली खुला झाला. त्या काळी मुंबईचा माणूस होडीनं पनवेलच्या बंदराला उतरायचा आणि इथून पुढे पालखी, घोडा नाहीतर बैलगाडी धरून घाट चढायचा. पुढे १८६३ साली घाटातून रेल्वे गेली आणि ती रहदारी कर्जतकडे वळली. आज पुन्हा सगळं पनवेलवरून जातं. पळस्प्याला एक रस्ता खोपोलीकडून पुण्याला निघतो, दुसरा कर्नाळ्यावरून कोकणात उतरतो. पण दुचाकीवाल्याची गोष्ट वेगळी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्याला बंदी. जानेवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी. म्हणजे त्याच्या वाट्याला जुने रस्ते, तिथले ट्रक आणि तिथले खड्डे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्यानंतर कित्येक गणपती लोकांनी ते अर्धवट काम हाडांत सोसलं. तुमच्यातले कोकणवाले हसताहेत, म्हणजे त्यांना माहीत आहे.

गणपतीच्या आदल्या दोन रात्री पळस्प्याला उभं राहून बघा. एसटी, खाजगी बस, मोटारी, आणि त्यांच्या मधून दुचाकी. पुढे नवरा, मागे बायको, मधे पोर, पाठीवर सॅक, टाकीवर पिशवी. दोनशे-तीनशे किलोमीटर असं जायचं. या माणसांसाठी आज बोलायचं आहे. हौसेनं लडाखला जाणाऱ्यांनीही ऐकायला हरकत नाही. हाडं सगळ्यांची सारखीच.

आता मुद्द्यावर येऊ. तास-दीड तासानं बूड दुखतं, ते नेमकं काय दुखतं?

खुर्चीवर बसलात तसेच दोन्ही तळवे बुडाखाली घाला. लाजायचं नाही, इथे सगळे तेच करताहेत. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ती ओटीपोटाच्या हाडांची खालची टोकं. सरळ बसलं की धडाचा बहुतेक भार या दोन टोकांवर येतो. त्यांच्याखाली थोडं मांस, थोडी चरबी, मग कातडी, मग सीट. हाड आणि सीट यांच्यामध्ये ते मांस चेपलं जातं. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबल्या की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, आणि शरीर तक्रार करतं. आधी ऊब, मग चुरचुर, मग ठणका. त्याच्याही पुढे बधिरपणा. लक्षात ठेवा, बधिर होणं म्हणजे सवय होणं नव्हे. आतापर्यंत हाका मारणारा दाराशी बेशुद्ध पडला, एवढाच त्याचा अर्थ.

मग लोक काय करतात? मऊ सीट शोधतात. इथे आपल्या भाषेनं आधीच एक शहाणपण साठवून ठेवलंय. घोड्यावरच्या गादीला आपण खोगीर म्हणतो, आणि त्या खोगिरात चिंध्या, गवत, जे मिळेल ते कोंबणं म्हणजे खोगीरभरती. आज हा शब्द आपण निरुपयोगी भरणीसाठी वापरतो. निम्म्या सीटांना तो जसाच्या तसा लागू आहे.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही एकदा हौसेनं सीट मऊ करून घेतली. कारागिरानं वरून फोमचा आणखी एक जाड थर टाकून नवं रेक्झिन चढवलं. दुकानात बसून पाहिलं तर काय सुख! गादीवर बसल्यासारखं. कर्नाळ्यापर्यंत ते सुख टिकलं. पेणला कुरकुर सुरू झाली आणि नागोठण्याच्या पुढे जुन्या सीटची आठवण येऊ लागली. असं का व्हावं? मऊ फोम हाडाखाली पूर्ण दबतो. दबला की तो संपला. त्याच्या खालचा कडक पत्राच हाडाला भेटतो. शिवाय हाडं खाली रुतल्यामुळे आजूबाजूचा फोम वर येतो आणि जिथे भार नको, त्या मधल्या नाजूक भागावर दाब टाकतो. तिथून नसा जातात. म्हणून मऊ सीटवर बधिरपणा लवकर येतो.

तेव्हा पहिला नियम असा, की बसताक्षणी जी सीट फार मऊ लागते तिच्यावर संशय घ्यावा. चांगली सीट पहिल्या मिनिटाला थोडी कडकच लागते. तपासायची साधी रीत म्हणजे मूठ करून सीटवर जोरानं दाबा. बोटांच्या पेरांना खालचा तळ लागला, तर फोम फार मऊ आहे किंवा मेलेला आहे. जुन्या गाडीत बहुधा मेलेलाच असतो. तो बदलताना घट्ट, जास्त घनतेचा फोम मागा आणि हवा तर वर अगदी पातळ मऊ थर द्या. आणि बदललेल्या सीटवर दुकानाच्या दारात वीस मिनिटं नुसतं बसा. कारागीर चहा पाजील, पण उठू नका. दहा सेकंदांत सीट पसंत करणं म्हणजे चहाचा वास घेऊन जेवण कसं झालं ते सांगणं.

दुसरी गोष्ट रुंदीची. ती दोन हाडं सीटवर नीट टेकली पाहिजेत. सीट फार अरुंद असली तर ती कडेवरून घसरतात. फार रुंद असली तर मांड्यांच्या आतल्या बाजूला कड रुतते आणि सिग्नलला पाय जमिनीला पोचत नाहीत. बायकांच्या त्या हाडांतलं अंतर पुरुषांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असतं. म्हणून एकाला आवडलेली सीट दुसऱ्याला आवडेलच असं नाही, आणि घरातली एकच गाडी दोघांनी चालवायची असेल तर दोघांनी बसून बघावं. तिसरी गोष्ट उताराची. काही सीटा पुढे टाकीकडे उतरत्या असतात. ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो, मग हातांनी स्वतःला मागे ढकलतो, परत घसरतो. दिवसभर ही ओढाताण चालली की संध्याकाळी खांदे दुखतात, आणि आपण म्हणतो, हँडलमुळे दुखले.

इतका वेळ खोगिराबद्दल झालं. आता मांड.

मराठीत घोडेस्वाराचं कौतुक करताना आपण म्हणतो, त्याची मांड पक्की आहे. खोगीर पक्कं आहे असं म्हणत नाही. मांड म्हणजे मांड्यांनी घोड्याला धरून बसण्याची रीत. ती स्वाराची असते, घोड्याची किंवा खोगिराची नव्हे. दुचाकीवरची निम्मी दुखणी खोगिरातली नसतात, मांडेतली असतात. घोड्यावर आणखी एक वस्तू असते, ती रिकीब. रिकिबीत पाय असले की स्वार स्वतःला किंचित वर उचलू शकतो, धक्का पायांनी झेलू शकतो. मोटरसायकलची रिकीब म्हणजे फूटरेस्ट. पण आपण तिच्यावर पाय नुसते ठेवतो, तिचा उपयोग करत नाही.

गाडीवर माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो, बूड, पाय आणि हात. भार या तिघांत कसा वाटला जातो यावर सगळं अवलंबून. ज्या गाड्यांत पाय लांब पुढे सोडायचे असतात, त्या दिसायला ऐटदार. पण पाय पुढे गेले की ते भार घेऊ शकत नाहीत. सगळा बोजा बुडावर आणि माकडहाडावर, आणि प्रत्येक खड्डा थेट कण्यात. याउलट ज्या गाड्यांवर पुढे वाकून झोपावं लागतं, तिथे भार मनगटांवर येतो. रोज कामाला जायची साधी गाडी, जिच्यात पाय जवळजवळ गुडघ्याखाली येतात आणि पाठ बऱ्यापैकी सरळ राहते, ती लांबच्या प्रवासाला वाटते त्याहून चांगली. कोकणात जायला मोठी गाडीच हवी असं नाही. मांड हवी.

मांड म्हणजे करायचं काय? गुडघे टाकीला हलके लावून ठेवायचे. कोपर किंचित वाकलेलं. मूठ आवळायची नाही. अंडं धरावं तशी धरायची. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या अशा कोनात बसवून घ्यायच्या की बोटं त्यांच्यावर ठेवल्यावर मनगट सरळ राहील. हे काम कोणताही मेकॅनिक पाच मिनिटांत करतो, पण आपण सांगत नाही. खड्डा समोर दिसला की बूड सीटवरून दोन बोटं उचलायचं, गुडघे वाकलेले ठेवायचे आणि धक्का पायांनी झेलायचा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर अधूनमधून चार-पाच सेकंद असंच उचललं की चेपलेल्या मांसात रक्त परत येतं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबू. ज्यांच्या कण्याला इजा झाली आहे आणि कमरेखाली संवेदना नाही, अशा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना डॉक्टर शिकवतात, की दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा एका बाजूला कलून बुडावरचा भार हलवा. नाही हलवला तर जखमा होतात. तुम्हा-आम्हाला हे शिकवावं लागत नाही. व्याख्यान सुरू झाल्यापासून तुम्ही कितीतरी वेळा चुळबुळ केली असेल. ती आमच्या बोलण्यावरची टीका आहे असं आम्ही समजत नाही. शरीर स्वतःचं रक्षण करत असतं. झोपेतसुद्धा कूस बदलतं. दुखणं त्यासाठीच आहे. ते शत्रू नाही, निरोप्या आहे. दुचाकीवर आपण चुळबुळ करायला घाबरतो, निरोप्याला दाराबाहेर ताटकळत ठेवतो, आणि मग दोष सीटला देतो.

पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात आसनाचं लक्षण सांगितलं, त्यात दोनच अटी आहेत. ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. दोन्ही एकाच वेळी. आणि लगेच पुढच्या सूत्रात ते साधायचं कसं हे सांगताना त्यांनी जो एक शब्द वापरला आहे, तो प्रत्येक हेल्मेटच्या आत लिहून ठेवावा असा आहे. प्रयत्नशैथिल्य. जो जास्तीचा जोर लावतोय, तो सैल सोडणं. त्यांच्या मनात ध्यान होतं, मोटरसायकल नव्हती, हे उघड आहे. पण गाडी चालवताना तुमचा जबडा आवळलेला असतो का, खांदे कानापर्यंत चढलेले असतात का, हे उद्या बघा. गाडी चालवायला जबडा लागत नाही.

या जास्तीच्या जोराचं एक मोठं कारण म्हणजे वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठवरून नव्वदवर गेलात तर वेग दीडपट झाला, पण छातीवरचा वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट. तो रेटा कोण थोपवतं? हात, मान, खांदे. म्हणजे वाचवलेली मिनिटं आपण खांद्यांतून फेडत असतो. आणि ज्या रस्त्यांबद्दल आपण बोलतोय तिथे ती मिनिटंही फार वाचत नाहीत. पुढच्या बाजारपेठेत रिक्षामागे सगळेच थांबतात.

आता काही बारीकसारीक, पण कामाच्या गोष्टी.

पाठीवरची सॅक. दहा किलोची सॅक खांद्याला लावली की ते दहा किलो कण्यातून खाली त्याच दोन हाडांवर येतात. सामान गाडीला बांधा, दोन्ही बाजूंना सारखं, घट्ट. पाठ मोकळी ठेवा. ही एकच गोष्ट आज ऐकलीत तरी येण्याचं चीज झालं.

मागची स्प्रिंग. दोन माणसं आणि सामान असलं की गाडी मागे बसते. सीट मागे कलते, समोरचा दिवा आभाळाकडे बघतो, खड्ड्यात मागचं चाक ठक्कन आपटतं. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअॅब्सॉर्बरला खाचांची एक कडी असते. ती फिरवून स्प्रिंग घट्ट करता येते. निघायच्या आदल्या दिवशी मेकॅनिककडून ते करून घ्या, आणि एकटे चालवायला लागलात की परत सैल करा. टायरमधली हवा दोघांसाठी किती हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ती टायर थंड असताना भरावी.

कपडे. जीन्सची मधली शिवण जाड असते, नेमकी जिथे बसतो तिथेच. तीन तासांनी ती दोरीसारखी लागते. कोकणच्या दमट हवेत सुती कपडा घाम पितो आणि ओला राहतो. ओली कातडी लवकर सोलवटते. शिवण मधे येणार नाही अशी, लवकर वाळणारी आतली चड्डी घालावी. सायकलवाल्यांची गादी लावलेली चड्डी मिळते, तिला हसू नका. पावसाळ्यात सीटवर पाणी साचतं, म्हणून रेनकोटची पॅन्ट अंगावर पाऊस नसतानाही उपयोगी पडते. आणि काळं रेक्झिन उन्हात तापतं. गाडी सावलीत लावा, नाहीतर सीटवर एखादं पांढरं फडकं टाका.

हे सगळं पुढच्या माणसाबद्दल झालं. आता मागच्या माणसाबद्दल. खरं सांगायचं तर हे व्याख्यान आम्ही त्याच्यासाठी घेतलं.

१९८४ सालचा भाद्रपद. आम्ही उभयता मोटरसायकलवरून चिपळूणला निघालो. सौ. मागे आडवी बसलेली, पाचवारी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत गणपतीचं साहित्य. एक गोष्ट सहज लक्षात आणून देतो. काष्ट्याच्या नऊवारीत बाईला दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येतं. पाचवारी आली आणि दुचाकीवर बाई आडवी झाली. आडवं बसलं की कणा पिळलेला राहतो, पाय भार घेत नाहीत, आणि धरायला हात एकच उरतो. तर आम्ही मजेत चाललो होतो. पाऊस उघडलेला, रस्ता हिरवागार. महाडपर्यंत सव्वाशे किलोमीटर आम्ही एकदाच थांबलो, तेही पेट्रोलला. महाडला उतरलो, मागे वळून पाहिलं, तर सौ. उतरेना. उजवा पाय जमिनीला टेकवला आणि तो तिच्या हुकमात नव्हता. दोन बायांनी धरून तिला बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं पाय ताळ्यावर आला.

आम्ही म्हटलं, "अगं, सांगायचंस ना."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही चालवत होतात. तुम्हाला कशाला मधेच थांबवायचं? आणि तुम्ही कुठे विचारलंत?"

मंडळी, त्या वर्षी आम्ही कॉलेजात 'दुसऱ्याचं मन आपल्याला कसं कळतं' हा विषय शिकवत होतो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातला हा मोठा प्रश्न आहे. स्वतःचं दुखणं प्रत्यक्ष कळतं, दुसऱ्याचं मात्र अनुमानानं, त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून. वर्गात आम्ही तो फळ्यावर फार छान मांडत असू. आणि आमच्या पाठीमागे एक वीत अंतरावर बसलेल्या माणसाचं दुखणं आम्हाला सव्वाशे किलोमीटर कळलं नाही. कारण मोटरसायकलवर मागच्याचा चेहरा दिसत नाही, वाऱ्यात शब्द ऐकू येत नाही, आणि अनुमानाला लागणारी खूणच मिळत नाही. अशा वेळी अनुमान सोडून द्यावं आणि सरळ विचारावं. हे फळ्यावर लिहायचं आमचं राहून गेलं होतं.

मागचा माणूस आधी दमतो, याला कारणं आहेत. चालवणारा सतत काहीतरी हालचाल करत असतो. क्लच, ब्रेक, वळणावर कलणं. त्याला खड्डा आधी दिसतो, तो आधीच सावरतो. मागच्याला खड्डा बसल्यावर कळतो. त्याची सीट अरुंद, बहुतेक वेळा कडक, आणि नेमकी मागच्या चाकाच्या वर, जिथे धक्का सर्वांत जास्त. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांतला १२३वा नियम सांगतो, की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी धरायला कायमची पकड हवी, पाय ठेवायला आधार हवा आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून अर्धं चाक झाकणारं आच्छादन हवं. गाडी दिसायला बरी दिसावी म्हणून लोक हीच तीन काढून टाकतात. काढली असतील तर उद्या परत बसवा. शक्य असेल तर मागच्यानं दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावं, आणि मांडीवर पिशवी देऊ नये.

आणि पाणी. हे बोलायला संकोच वाटतो, पण न बोलून चालणार नाही. लांबच्या प्रवासात किती बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, घरी विचारून बघा. वाटेत स्वच्छ जागा मिळेल याची खात्री नसते. मग डोकं दुखतं, पेटके येतात, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, तिला प्रवास सोसत नाही. तिला प्रवास सोसतो. तहान सोसत नाही. म्हणून थांबे आधी ठरवा, आणि स्वच्छतागृह बघून ठरवा. चहा कुठे चांगला मिळतो ते नंतर. पेण, माणगाव, महाड, खेड इथली एसटी स्थानकं, मोठे पेट्रोलपंप, ओळखीचं हॉटेल. तासाभरानं, फार तर सव्वा तासानं थांबायचंच. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी. उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, कंबर मागे वाकवायची, दोन घोट पाणी. थांबून परत गाडीवरच बसून चहा पिणं हा थांबा नव्हे.

आमच्या घरी तेव्हापासून एक नियम आहे. थांबायचं कधी हे मागचा माणूस ठरवतो, आणि पुढच्यानं कारण विचारायचं नाही. खांद्यावर दोनदा थाप म्हणजे पुढच्या बऱ्या जागी थांब.

आता कुणी म्हणेल, एवढी काळजी कशाला? थोडं दुखलं तर दुखलं, पोचतो ना? याचं उत्तर न्यायदर्शनात आहे. नैयायिक म्हणतात, मन अणुएवढं आहे. एका वेळी ते एकाच ठिकाणी असतं, म्हणून दोन ज्ञानं एकाच क्षणी होत नाहीत. हे सगळ्यांना मान्य होईल न होईल. पण कशेडी घाटात वळणावर समोरून ट्रक येताना ज्याचं मन बुडातल्या ठणक्यात आहे, त्याला ते पटावं. दुखणं लक्षाचा वाटा घेतं. शेवटच्या पन्नास किलोमीटरला आपण 'आता कधी एकदा पोचतो' म्हणून वेग वाढवतो, ओव्हरटेक करताना थोडं जास्त धाडस करतो. ते धाडस नसतं, ठणका गाडी चालवत असतो. म्हणून सुखानं बसणं याला चैन समजू नका. ती सावध राहण्याची पूर्वअट आहे. आणि याची दुसरी बाजूही सांगतो. नुसतंच सुख झालं तर झोप येते. म्हणून पतंजलींनी दोन अटी घातल्या. डोळे जड झाले तर सीट कितीही चांगली असो, गाडी बाजूला घ्यायची आणि झोपायचं.

चिठ्ठ्या आल्या आहेत, तीन-चार घेऊ.

"पनवेल ते गोवा एका दिवसात करावं का?" पाचशेहून जास्त किलोमीटर आहेत. सरासरी ताशी पंचेचाळीस धरली तर नुसतं चालवणंच अकरा तासांच्या वर, थांबे वेगळे. चालवता येईल. पण दोघं असाल तर करू नका. चिपळूण नाहीतर रत्नागिरीकडे मुक्काम करा. गोवा कुठे जात नाही.

"हवा भरायची सीटवरची गादी घ्यावी का?" उपयोगी पडते. पण लोक ती फुग्यासारखी टम्म भरतात, मग ती डुगडुगते. हवा इतकीच ठेवा की बसल्यावर हाडं सीटपासून जेमतेम सुटतील. तिनं सीटची उंची वाढते, पाय पोचतात का बघून घ्या. जेलची गादी भार चांगला पसरवते, पण उन्हात फार तापते.

"निघायच्या आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का?" मघाचा निरोप्या आठवा. गोळीनं निरोप थांबतो, कारण थांबत नाही. आणि उतरल्यावरही जांघेत किंवा पायात बधिरपणा राहत असेल, तर सीटवाल्याकडे नको, डॉक्टरकडे जा.

शेवटची चिठ्ठी. "सर, या वयात तुम्ही अजून चालवता का?" नाही. गुडघ्यानं निवृत्ती घेतली. आता लेक चालवते आणि आम्ही मागे बसतो. सौ. म्हणते, बरं झालं, आता कळेल. कळतंय. मागच्या दिवाळीत लेकीबरोबर पालीला गेलो होतो. वाकणला वळायच्या आधी तिनं काच वर केली आणि विचारलं, "बाबा, थांबू का?" आम्हाला थांबायचं होतं, आणि तरी तोंडातून आपोआप निघालं, "नको गं, चल तू." चाळीस वर्षांपूर्वी सौ.नं जे केलं, तेच. तेव्हा मागे बसणाऱ्यांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. विचारलं की खरं सांगत जा.

आणि उठताना सावकाश उठा, तुम्ही बराच वेळ बसला आहात.